वेळेची गोळी, गरजेची गोळी

औषधाच्या दुकानातून मिळणाऱ्या छोट्या कागदी पाकिटावर आपल्याकडे तीन आकडे लिहिलेले असतात. १-०-१ किंवा १-१-१. सकाळ, दुपार, रात्र. शिरूरच्या बाजारपेठेत काय किंवा दौंडच्या स्टेशनाजवळ काय, ही लिपी न कळणारा माणूस सापडणे अवघड. शाळेची पायरी न चढलेल्या आजीलाही ती कळते. या तीन आकड्यांना जेवणाची जोड गृहीत धरलेली असते. 'जेवल्यावर घ्या' हे सांगायला डॉक्टर विसरले तरी घरचे विसरत नाहीत. सर्दी-तापापासून रक्तदाबापर्यंत बहुतेक दुखण्यांना ही पद्धत पुरते. पण कर्करोग हाताबाहेर गेला आहे, केमोथेरपी थांबली आहे आणि पुण्याच्या रुग्णालयाने 'आता घरी न्या, दुखणार नाही एवढं बघा' असे सांगून रुग्णाला परत पाठवले आहे, अशा घरात ही पद्धत तोकडी पडते. नुसती तोकडी पडत नाही, रुग्णाला छळते.

शेवटच्या महिन्यांत माणसाचे जेवण तुटते. वाटीभर पेज, चार चमचे ताक, एवढ्यावर दिवस निघतो. 'पोटात काही नाही, गोळी कशी द्यायची?' म्हणून सून गोळी बाजूला ठेवते. तिचा हेतू वाईट नसतो. दुखण्याच्या गोळीने पोटात आग पडते, हे तिने स्वतः सोसलेले असते. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांबाबत ते खरेही आहे. अशा रुग्णाला दिली जाणारी मॉर्फिन मात्र उपाशीपोटी देता येते. साध्या मॉर्फिनच्या गोळीचा असर सुरू व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, तासाभरात तो शिगेला पोचतो आणि चार तासांच्या सुमारास ओसरतो. ही गोळी १-१-१ अशी दिली तर चोवीस तासांतले बारा तास झाकले जातात. उरलेले बारा तास रुग्णाने काय करायचे? ज्या जेवणाला तो शिवणारही नाही, त्या जेवणाची वाट पाहायची.

पाकिटावर कधी कधी चौथी खूण असते: 'एसओएस'. मूळ लॅटिन शब्दांचा अर्थ एवढाच, की गरज पडल्यास. पण ही अक्षरे बुडत्या जहाजाच्या हाकेशीही जुळतात आणि आपल्या घरांमधून ती त्याच अर्थाने वाचली जातात. दुकानदार सांगतो, 'जास्तच दुखलं तर द्या.' घरी पोचेपर्यंत त्याचे 'अगदी सहन झालं नाही तरच' असे होते. रुग्णही मोठा सोशिक. शेतात विंचू चावला तरी पाळी संपवून घरी आलेला माणूस 'दुखतंय' हा शब्द लवकर उच्चारत नाही. तो कण्हायला लागतो तेव्हा 'एसओएस'ची वेळ केव्हाच उलटून गेलेली असते. मग गोळी दिली जाते, ती चढायला अर्धा तास लागतो, आणि त्या अर्ध्या तासात सगळे घर हवालदिल होते.

शिरूर-दौंडच्या वाचकाला हे समजावून सांगायला वैद्यकशास्त्राची गरज नाही. चासकमानच्या आणि खडकवासल्याच्या कालव्यांवर शेती करणाऱ्यांना आवर्तन हा शब्द पाठ आहे. उसाने माना टाकल्यावर पाणी सोडून भागत नाही. पिकाला ताण बसण्याआधी पाळी यावी लागते. ताण बसलेल्या उसाला नंतर दुप्पट पाणी पाजले तरी गेलेली वाढ परत येत नाही. वेदनेचेही असेच आहे. दबलेली वेदना दबलेली ठेवायला थोडे औषध लागते. उसळलेली वेदना खाली आणायला जास्त लागते, आणि जास्त औषधाबरोबर गुंगी, मळमळही जास्त येते. म्हणून वेळेची गोळी दुखत नसतानाही द्यायची. किंबहुना दुखत नाही, याचाच अर्थ ती लागू पडते आहे. 'आज बरं वाटतंय, राहू द्या आजची गोळी' हे वाक्य अशा घरात सर्वाधिक महागात पडते.

हा विचार फार जुना नाही. लंडनमध्ये डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९५० आणि ६०च्या दशकांत मरणासन्न रुग्णांच्या खाटांजवळ बसून त्यांच्या दुखण्याच्या नोंदी ठेवल्या. रुग्णाने विनवणी करावी आणि मग परिचारिकेने इंजेक्शन द्यावे, ही तेव्हाची रीत. साँडर्स यांनी ती उलटवली: ठरलेल्या वेळी, तोंडावाटे, दुखणे परतण्याआधी. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेवर पुस्तिका काढली, त्यात 'तोंडाने, घड्याळाप्रमाणे, पायरीपायरीने' ही त्रिसूत्री आली. नंतरच्या काळात या संघटनेने पायरीचा आग्रह सैल केला, घड्याळाचा मात्र कायम ठेवला. त्याच १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन उभे राहिले, ते देशातले पहिले हॉस्पिस. आपल्या जिल्ह्यात वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर अँड ट्रेनिंग सेंटर १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते आणि घरच्या माणसांना ती कशी करायची हे शिकवते. म्हणजे ज्ञान जवळ आहे. शिरूरपासून सत्तरेक किलोमीटरवर, दौंडपासून थोडे अधिक. ते अंतर घराच्या ओसरीपर्यंत कापायचे राहिले आहे.

घड्याळाप्रमाणे म्हणजे नेमके कसे, ते सांगायला हवे. साधी मॉर्फिन असेल तर भारतातले पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर बहुधा सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १० असे वेळापत्रक देतात. रात्री १०ची मात्रा दुप्पट असते, म्हणजे मध्यरात्री २ वाजता रुग्णाला उठवावे लागत नाही. ही दुप्पट मात्रा पाहून अनेक घरे दचकतात आणि आपल्या मनाने निम्मी करतात. पहाटे तीनला रुग्ण तळमळत उठतो तो यामुळे. (आमच्याकडे तसेही रात्री दोनला कोणी ना कोणी जागे असते. थ्री-फेज वीज रात्रपाळीला आली की मोटार चालू करायला बॅटरी घेऊन निघावे लागते, आणि शिरूरच्या उसात बिबट्याची धास्ती वेगळी. पण म्हणून रुग्णाला जागे ठेवायचे कारण नाही.) बारा तास पुरणारी गोळी असेल तर सकाळी आठ आणि रात्री आठ अशा दोनच वेळा पुरतात, मात्र ती चघळायची, कुटायची किंवा पाण्यात विरघळवायची नाही, तसे केले तर बारा तासांचे औषध एकदम अंगात उतरते. गिळता येत नाही म्हणून गोळी खलबत्त्यात घालणाऱ्या घरांनी हे आधी डॉक्टरांना विचारावे. कातडीवर लावायची फेंटानिलची पट्टी तीन दिवस चालते, पण लावल्यावर तिचा पुरता असर यायला बारा तासांहून अधिक वेळ जातो. आज उठलेल्या कळेवर आज पट्टी लावून उपयोग नसतो. आणि पट्टीवर गरम पिशवीने शेकायचे नाही. शेक हा आपला जुना विश्वासू उपाय, पण उष्णतेने पट्टीतले औषध भराभर अंगात शिरते.

आता गरजेची गोळी. वेळेच्या गोळ्या चोख दिल्या तरी अधूनमधून कळ उसळते. त्यासाठी लवकर चढणारी जादा मात्रा लिहून दिलेली असते. ती सहसा दिवसभराच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिश्श्याइतकी असते. समजा, दिवसाला ६० मिलिग्रॅम मॉर्फिन चालू आहे, तर जादा मात्रा १० मिलिग्रॅमच्या आसपास. हा आकडा डॉक्टरने ठरवायचा. येथे तो केवळ हिशेब कळावा म्हणून दिला आहे. बारा तासांची गोळी किंवा पट्टी या कामाची नाही, इतके धीमे औषध उसळलेल्या कळेला गाठू शकत नाही. घरोघरी होणारी मोठी चूक वेगळीच आहे. नऊ वाजता जादा गोळी दिली, म्हणून दहाची वेळेची गोळी रद्द केली जाते. 'आत्ताच तर दिली.' नाही, जादा गोळी ही जादाच असते. पुढची वेळेची गोळी तिच्या वेळेलाच जाते. फक्त रुग्ण जागा होत नसेल, श्वास फार मंद झाला असेल तर ती थांबवून आधी डॉक्टरांना फोन करायचा.

कळ कधी उसळते, हे पाहण्यात बरेच काही आहे. अंघोळ घालताना, कूस बदलताना, जखमेची पट्टी बदलताना, जीपमधून पुण्याला नेताना उठणारी कळ आपल्याला आधीच ठाऊक असते. मग तिची वाट का पाहायची? अर्धा तास आधी जादा गोळी द्यावी आणि मग बादली भरायला घ्यावी. दुसरी कळ रोज वेळेच्या गोळीआधी तास-दीड तास डोके वर काढते. याचा अर्थ मात्रा कमी पडते आहे. ती वाढवली पाहिजे. तिसरी कसलेही निमित्त नसताना येते, तिला जादा गोळी हाच उपाय. पण दिवसात तीन-चारदा ती द्यावी लागत असेल, तर मूळ मात्रेचाच फेरहिशेब करावा लागतो, आणि तो डॉक्टरला करता येतो तो केवळ नोंदीवरून.

म्हणून वही. शंभर पानी, शाळेतली चालेल. तारीख, वेळ, वेळेची की गरजेची, आधी दुखणे किती, तासाभराने किती. 'किती' हे मोजायला शहरी रुग्णालये शून्य ते दहा असा तक्ता वापरतात. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना त्याहून सोपे माप ठाऊक आहे. आजही गावच्या दवाखान्यात 'रुपयात आठ आणे फरक आहे' असे सांगितले जाते आणि डॉक्टरला ते नेमके कळते. मग वहीतही तसेच लिहावे: गोळीआधी बारा आणे, तासाने चार आणे. आणे बाजारातून गेले त्याला साठ-सत्तर वर्षे झाली, पण दुखणे मोजायला त्यांच्याइतके चोख परिमाण आम्हाला दुसरे दिसत नाही. याच वहीत दुखण्याचा शब्दही रुग्णाच्या तोंडचाच उतरवावा. ठणकते, चमकते, खुपते, आवळून येते, आग होते, मुंग्या येतात, करंट मारल्यासारखे होते. मराठीला दुखण्याचे इतके शब्द उगाच सुचलेले नाहीत. हाडातला ठणका एक, आतड्याची पिळवटणारी कळ दुसरी, आणि आग, मुंग्या, करंट हे बहुधा मज्जातंतूंचे दुखणे. मज्जातंतूंच्या दुखण्याला मॉर्फिन एकटी पुरत नाही. तिला अमिट्रिप्टिलिन किंवा गॅबापेंटिनसारख्या औषधाची जोड लागते. ते औषध गरजेनुसार घ्यायचे नसते, रोज घ्यायचे असते, आणि त्याचा गुण यायला काही दिवस जातात. नुसते 'दुखतंय' सांगितले तर हा धागा डॉक्टरच्या हाती लागत नाही. बोलणे थांबलेल्या रुग्णाचे तर कपाळावरची आठी, आवळलेली मूठ आणि कूस बदलताना निघणारा हुंकार हेच शब्द समजावेत.

वही कोणी लिहायची, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. खाटेशी बसलेली असते ती बायको किंवा सून. निर्णय मात्र मुलाचा, आणि मुलगा रांजणगाव नाहीतर कुरकुंभच्या एमआयडीसीत पाळीवर. 'जास्तीची गोळी देऊ का?' हे विचारायला फोन लावायचा, तो मशीनवर असेल तर सुट्टी होईपर्यंत थांबायचे. तोवर सासरे तळमळत असतात आणि गोळी फडताळात असते. गरजेच्या गोळीची गरज जिला समोर दिसते तिला ती देण्याची मुभा नसेल, तर ती चिठ्ठी कागदावरच राहते. डॉक्टरांनी चिठ्ठी समजावताना मुलाबरोबर तिलाही समोर बसवावे आणि चार माणसांदेखत सांगावे, की ही गोळी या बाईंनी ठरवून द्यायची. एवढ्याने निम्मे काम होईल असे आमचे मत आहे.

मॉर्फिनचे नाव निघाले की भीतीही निघते. मॉर्फिन अफूपासून होते हे खरे. शेतात जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफू चाटवून निजवत, ही आठवण फार जुनी नाही, आणि 'अफूची गोळी' हा वाक्प्रचार आपण कोणाला चढवले, गुंगवले की वापरतो. त्यामुळे 'व्यसन लागेल', 'ही दिली म्हणजे आता संपलं' असे वाटते. व्यसनी माणूस नशेसाठी घेतो; इथे घेणारा दुखणे थांबून दोन शब्द बोलता यावेत म्हणून घेतो. हिशेबाने वाढवत नेलेली मात्रा आयुष्य तोडत नाही. पहिले दोन-तीन दिवस झापड येते, मळमळते, मग ते बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून पहिल्या गोळीबरोबरच पोट साफ होण्याचे औषध रोज सुरू करावे लागते. तेही वेळेचे औषध आहे, गरजेचे नाही. ते न दिल्यामुळे आठवडाभर पोट तुंबते आणि दोष मॉर्फिनला लागतो. भीती बाळगायचीच तर खऱ्या गोष्टींची बाळगावी: मूत्रपिंड मंदावलेल्या रुग्णात औषध साठत जाते. अंगाला झटके, बरळणे, हाक मारूनही न उठणे, श्वास फार सावकाश होणे, यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांना तात्काळ कळवावे. आणि गोळी एकाएकी बंद करू नये. मॉर्फिन चालू असताना शेजारच्या दवाखान्यातून डायक्लोफेनॅकची सुई परस्पर टोचून घेऊ नये, तिने मूत्रपिंडाचेच नुकसान होऊ शकते.

या साऱ्याच्या मुळाशी पुरवठ्याचा प्रश्न आहे आणि तिथे सरकारला जाब विचारला पाहिजे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते. तरीही 'लॅन्सेट' नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार भारतात अशा वेदनाशामकांची गरज जेमतेम ४ टक्के भागते. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविषयक कायद्याने तस्करीला वेसण घालायची होती. त्यात रुग्णालयेही अडकली. एका औषधासाठी अनेक खात्यांचे परवाने लागू लागले आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. आता प्रशिक्षित डॉक्टर असलेल्या संस्थेला राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. २०१२ पासून राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम कागदावर आहे, आणि गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या बारा सेवांतही ही सेवा मोजलेली आहे. केरळने २००८ मध्येच धोरण ठरवून पंचायतींना या कामात ओढले. आपल्याकडे मात्र ज्या कुटुंबाची चिठ्ठी पुण्याची, त्याला गोळ्या संपल्या की पुण्याचीच खेप. एक दिवस एसटी चुकली किंवा रविवार आडवा आला की घड्याळ बंद पडते, आणि चार तासांचे वेळापत्रक पाळणाऱ्या घरासाठी एक दिवस म्हणजे सहा मात्रा.

आमची मागणी मोठी नाही. शिरूर आणि दौंडच्या सरकारी रुग्णालयांत प्रत्येकी निदान दोन डॉक्टरांना हे प्रशिक्षण मिळावे, मान्यता घेऊन मॉर्फिनच्या गोळ्या तिथेच मिळाव्यात, आणि समुदाय आरोग्य अधिकारी व आशाताईंनी आठवड्यातून एकदा त्या घरची वही पाहावी. औषधविक्रेत्यांनी आणि खासगी डॉक्टरांनी तर उद्यापासूनच सुरुवात करावी: अशा रुग्णाच्या पाकिटावर तीन आकडे न लिहिता घड्याळातल्या वेळा लिहाव्यात, आणि 'एसओएस'च्या जागी 'दुखू लागताच एक, तासाने पुन्हा दुखल्यास फोन करा' असे मराठीत.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना एवढेच सांगायचे. गोळ्या कुलपात ठेवा, लेकरांच्या हाती लागू देऊ नका. तीन दिवसांच्या उरल्या की पुढची सोय करा. आणि माणूस गेल्यावर उरलेल्या गोळ्या फेकू नका, गुडघेदुखीसाठी शेजारी देऊ नका. दहाव्यानंतर कोणीतरी पुण्याला जाईलच. तेव्हा त्या वहीसकट जिथून आणल्या तिथे परत करा.